पुढच्या चार आठवड्यांचे आभाळ

दर गुरुवारी भारतीय हवामान विभाग पुढच्या चार आठवड्यांच्या पावसाचा आणि तापमानाचा अंदाज जाहीर करतो. उद्या-परवाचा अंदाज सगळेच पाहतात. एप्रिलमध्ये येणारा ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ हा अंदाज वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकतो. या दोहोंच्या मधला, साधारण दहा ते तीस दिवसांचा अंदाज मात्र क्वचितच कुणाच्या बोलण्यात येतो. हवामानशास्त्रात त्याला विस्तारित कालावधीचा अंदाज म्हणतात. शेतीचे आणि धरणांचे पुष्कळसे निर्णय नेमके याच मुदतीत घ्यावे लागतात. त्यामुळे हे शास्त्र कुठवर आले आहे आणि त्यावर कितपत विसंबता येते, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

आष्ट्याला तो दोन अंगांनी भिडतो. वाळवा तालुक्यातले हे नगरपरिषदेचे गाव कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानात वसलेले आहे. भोवती ऊस, हळद, सोयाबीन, भाजीपाला. जूनमध्ये पेरणीची घाई असते, जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण आणि हळदीची भरणी. याच जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही नद्यांच्या उगमाकडे धरणे भरत आलेली असतात आणि काठच्या गावांचे लक्ष पाण्याच्या पातळीकडे लागलेले असते. एकाच अंदाजाला इथे दोन प्रश्न विचारले जातात: पाऊस किती दिवस ताणणार, आणि पाणी किती चढणार? दोन्ही प्रश्नांची उत्तरे सारख्या भरवशाची नाहीत, आणि या विषयावरची बरीचशी चर्चा हा फरक न पाहताच चालते.

अंदाजाची मागची वाट

पंधरवड्याचा हिशेब शेतकऱ्याला नवा नाही. मृगापासून हस्तापर्यंतचे प्रत्येक पर्जन्यनक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा, ही नावे आजही रानात सर्रास चालतात. पंचांग प्रत्येक नक्षत्राला वाहन देते. ते सूर्यनक्षत्र आणि चंद्रनक्षत्र यांच्यातल्या अंतरावरून ठरते. त्या वर्षीच्या वाऱ्या-ढगांशी त्याचा संबंध नसतो. भाकिताचा पाया म्हणून ते टिकत नाही. मुदत मात्र त्या पद्धतीने बरोबर धरली होती, कारण रानातला निर्णय एक-दोन दिवसांच्या हिशेबावर होत नाही आणि चार महिन्यांच्या हिशेबावरही होत नाही.

शास्त्रीय अंदाजाची सुरुवात दुष्काळातून झाली. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले आणि लगेच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ पडला. सोलापूर, विजापूर आणि तेव्हाचा सातारा जिल्हा त्यात होरपळला. वाळवा तालुका त्या वेळी साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि मोसमी पावसाचा संबंध शोधून १८८६ मध्ये हंगामाचा पहिला नियमित अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदींची आकडेमोड केली. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यातला हवेच्या दाबाचा झोका त्यांच्या ध्यानात आला. त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव त्यांनीच दिले.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा म्हणजे १९८८ चे वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप. ते बराच काळ समाधानकारक वाटले. २००२ मध्ये मात्र अंदाज होता १०१ टक्क्यांचा आणि पाऊस झाला ८१ टक्के. एकट्या जुलैतच देशात निम्मा पाऊस कमी पडला. त्या वर्षाने दोन गोष्टी उघड केल्या. जुने संख्याशास्त्रीय नाते बदलत्या काळात तसेच राहील याची खात्री नाही, ही पहिली. दुसरी अशी की हंगामाचा आकडा बरोबर आला असता तरी जुलैतला खंड त्यातून कुणाला कळलाच नसता. २०१२ मध्ये केंद्र सरकारने ‘मान्सून मिशन’ सुरू केले. वातावरण आणि समुद्र यांची एकत्र गणिते सोडवणारी प्रारूपे त्यातून आली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, या पायावर चार आठवड्यांच्या अंदाजाची प्रणाली बांधली. २०१६ पासून हवामान विभाग ती नियमित चालवतो आहे.

बेटांवरच्या नोंदी आणि कृष्णाकाठचा पाऊस

तीन आठवड्यांनंतरचे काही सांगता येते, हेच मुळात नवलाचे आहे. एडवर्ड लोरेंझ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वातावरणाच्या सुरुवातीच्या स्थितीतली बारीकशी चूकही दिवसागणिक वाढत जाते. त्यामुळे ठरावीक दिवशी ठरावीक ठिकाणी किती पाऊस पडेल, हे सांगण्याची मर्यादा दोन आठवड्यांच्या आसपास संपते. उष्ण कटिबंधात मात्र काही हालचाली इतक्या संथ आणि इतक्या विस्तृत असतात की त्यांचा माग त्यापुढेही लागतो. ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये हा विचार नीट मांडला: उष्ण कटिबंधातला पाऊस समुद्राच्या तापमानासारख्या संथ गोष्टींना बांधलेला असतो, म्हणून इथे लांबच्या अंदाजाला आशा आहे.

या संथ हालचालींचा शोध लागला तो बेटांमुळे. प्रशांत महासागराच्या मध्यावर आज किरिबाटी देशात असलेल्या कँटन बेटावर वाऱ्यांची आणि दाबाची अनेक वर्षांची नोंद होती. रोलँड मॅडन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा १९७१ मध्ये त्यांना सुमारे चाळीस-पन्नास दिवसांचा एक आवर्त सापडला. ढगांचा आणि वाऱ्यांचा एक प्रचंड समूह हिंदी महासागरात जन्म घेतो, इंडोनेशियाच्या द्वीपसमूहावरून पूर्वेकडे सरकतो आणि प्रशांत महासागरात विरतो. त्याला मॅडन-ज्युलियन आंदोलन, थोडक्यात एमजेओ म्हणतात. एल निनोची एक मोजदादही अशीच होते: ताहिती बेटावरचा हवेचा दाब आणि ऑस्ट्रेलियाच्या डार्विनमधला दाब यांतल्या फरकावरून. अंदमान-निकोबारवर मोसमी वारे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतात, ती बातमी आपण दरवर्षी ऐकतोच. त्याहीपलीकडच्या, नकाशावर ठिपक्याएवढ्या बेटांवरच्या नोंदी आपल्या पेरणीशी बांधलेल्या आहेत.

एमजेओ पूर्वेकडे जातो. आपला पाऊस मात्र दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. हा दुवा जोडला तो दे. रा. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी. १९८० च्या त्यांच्या निबंधात उपग्रहांची छायाचित्रे तपासून त्यांनी दाखवले की पावसाळ्यात विषुववृत्ताजवळ ढगांचे पट्टे तयार होतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे चढत भारतभूमीवर येतात. पट्टा आला की पाऊस जोर धरतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी गेला की मध्य भारतात आणि दख्खनवर ताण पडतो. पुण्यात जन्मलेल्या गाडगीळबाईंचे २०२५ मध्ये निधन झाले. मोसमी पावसाकडे पाहण्याची दिशा बदलणारे हे काम मराठी वाचकाला अजून पुरेसे माहीत नाही, याची खंत वाटते.

पुढचे पाऊल २००३ मधले. बी. एन. गोस्वामी आणि प्रिन्स झेवियर यांनी या आवर्तनांचा अंदाज तत्त्वतः किती दिवस आधी शक्य आहे, हे तपासले. निष्कर्ष असा की पावसाचा खंड जवळजवळ वीस दिवस आधी ओळखता येऊ शकतो, तर जोराच्या पावसाच्या बाबतीत ही मर्यादा दहा दिवसांच्या आसपास येते. जोर असताना ढगांची स्थानिक उलथापालथ मोठी असते आणि ती संथ हालचालीला झाकून टाकते. ताणात ती शांत असते. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. आष्ट्याच्या दोन प्रश्नांपैकी ताणाच्या प्रश्नाला शास्त्राकडे जास्त दिवसांचे उत्तर आहे, पुराच्या प्रश्नाला कमी दिवसांचे. आपण मात्र पुराच्याच प्रश्नावरून अंदाजाची परीक्षा घेतो.

अंदाजात काय असते

एकाच प्रारूपाची सुरुवातीची स्थिती थोडीथोडी बदलून ते पुन्हा पुन्हा चालवतात आणि सगळ्या निष्कर्षांचा मेळ घालतात. बहुतेक निष्कर्ष एका बाजूला झुकले तर शक्यता मोठी, विखुरले तर लहान. हाती येतो तो आठवड्याचा सरासरी पाऊस आणि तो नेहमीपेक्षा जास्त की कमी याचा कौल. अमुक तारखेला अमुक गावात सरी, असे त्यात काहीच नसते. पहिल्या दोन आठवड्यांचा कौल उपयोगी पडण्याजोगा असतो, तिसऱ्यापासून भरवसा उतरतो आणि चौथ्यात सरासरीच्या जवळ जातो. एमजेओ जोरात असेल तेव्हा हा भरवसा वाढतो, मंद असेल तेव्हा घटतो.

कौल ज्या भूभागाचा असतो तो फार मोठा आहे. देशाचे ३६ हवामान उपविभाग आहेत आणि सांगली जिल्हा येतो ‘मध्य महाराष्ट्रा’त, नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यात. याच उपविभागात महाबळेश्वर, नवजा आणि पाथरपुंज आहेत, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आणि याच उपविभागात जत-आटपाडीही आहेत, जिथे तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. आष्ट्याच्या शिवारात साधारण सहाशे-सातशे. ‘मध्य महाराष्ट्रात सरासरीपेक्षा जास्त’ या वाक्याचा अर्थ या तिन्ही ठिकाणी एकच कसा असेल? विस्तारित अंदाजाच्या प्रारूपांची चौकट सुरुवातीला शंभर किलोमीटरच्या आसपासची होती, पुढे सुमारे ३८ किलोमीटरची आली. चिपळूण ते कराड या अंतरात सह्याद्री चढून उतरतो. इतक्या मोठ्या चौकटीत त्याची धार बोथट होते आणि घाटमाथ्यावरचा पाऊस प्रारूपात कमी दिसतो.

हवामान विभाग ही मर्यादा लपवत नाही. २०२५ च्या मे महिन्यात आलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालते. तिचा भर अर्थात नजीकच्या दिवसांवर आहे. चार आठवड्यांसाठी इतकी बारीक चौकट अनेकदा चालवायची तर संगणकाची ताकद कित्येक पटींनी लागते.

रानातली बाजू

कृषी हवामानाच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की अंदाज चुकतो का, यापेक्षा तो कोणत्या कामासाठी वापरला हे पाहावे. सोयाबीनच्या पेरणीचे उदाहरण घ्या. जूनच्या पहिल्या सरींवर पेरले आणि पुढे पंधरा-वीस दिवस ताण पडला, तर दुबार पेरणी आणि बियाणे-खताचा खर्च दुप्पट. इथे गरज असते ती खंड ओळखण्याची, आणि विस्तारित अंदाज त्याच बाबतीत बळकट आहे. उसाला पाणी कधी द्यायचे, युरियाचा हप्ता आता द्यायचा की आठवडाभर थांबायचे, याही गोष्टी त्यावर ठरू शकतात. चुकला तर नुकसान सोसण्याजोगे, बरोबर आला तर फायदा दरवर्षी थोडाथोडा साठत जाणारा.

रानात काम करणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आणि तितकाच रास्त आहे. त्यांना मिलिमीटर नको असतात, वापसा हवा असतो. आष्टा, कसबे डिग्रज, दुधगाव या पट्ट्यात भारी काळी जमीन आहे. वर्षानुवर्षांच्या पाटपाण्याने तिचा बराच भाग क्षारपड आणि पाणथळ झाला आहे. अशा रानात सरासरीइतकाच पाऊस सलग दहा दिवस पडला तरी वापसा येत नाही, हळदीला कंदकूज लागते आणि भरणी राहून जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कसबे डिग्रजला हळदीचे संशोधन केंद्र आहे. पण चार आठवड्यांच्या अंदाजाचे भाषांतर हळदीच्या भाषेत करून देणारी साखळी अजून कच्ची आहे. जिल्हा पातळीवर हे काम करण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांतून उभी केलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला देशभर बंद झाली. ग्रामीण कृषी मौसम सेवेचे मंगळवार-शुक्रवारचे सल्ले चालू आहेत. त्यांचा आवाका मुख्यतः पाच दिवसांचा.

जून ते सप्टेंबरच्या बाहेरचा काळ तर अधिकच दुर्लक्षित. सोयाबीनची काढणी, उसाची तोड सुरू होणे आणि तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षांची फळछाटणी, हे सगळे ऑक्टोबरच्या आगेमागे येते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे पाठोपाठ आली आणि छाटणी झालेल्या बागा डाऊनी रोगाने गेल्या. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्यात बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा सरळ आपल्यावरून अरबी समुद्रात उतरला. २०२५ च्या मे महिन्यात मोसमी वारे २४ तारखेलाच केरळात आणि दुसऱ्या दिवशी कोकणात पोचले. उन्हाळी मशागतीचे दिवस पावसात गेले. आवर्तनांचा बहुतेक अभ्यास पावसाळ्याच्या चार महिन्यांवर झाला आहे. या कडेच्या महिन्यांचे काय, यावर संशोधकांमध्ये अजून एकमत नाही.

धरणाच्या दारांशी

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, २०१९ मध्ये ५७ फूट ६ इंचांवर पोचले, २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर. २०१९ च्या ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली. त्या दिवसानंतर इथे अंदाजाची चर्चा पूर्वीसारखी निवांत राहिली नाही, आणि राहूही नये.

पूरग्रस्तांच्या कृती समित्यांचे म्हणणे सरळ आहे. कोयना धरणात १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि वारणेच्या चांदोली धरणात ३४.४० टीएमसी पाणी मावते. दोन-तीन आठवड्यांचा अंदाज हाती असेल तर जोर येण्याआधीच धरणातून पाणी सोडून जागा करा. दारे उघडायची वेळ येते तेव्हा नदी आधीच दुथडी असते; मग धरणाचे पाणी आणि पावसाचे पाणी एकत्र येते. जोडीला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी पावसाळ्यात खाली ठेवा, अशी मागणी असते. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये ती ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हापासून ही मागणी तीव्र झाली.

जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांचा युक्तिवादही ऐकण्यासारखा आहे. पूर धरणांतूनच येतो असे नाही. धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणाऱ्या पावसाला अडवायला दारच नसते. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस दोन आठवडे आधी कोणतेही प्रारूप सांगू शकत नाही, फार तर ‘जोराचा काळ येऊ शकतो’ एवढेच सांगेल. तेवढ्यावर दहा टीएमसी पाणी सोडले आणि पाऊस आला नाही, तर जबाबदार कोण? २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला पुराचे मुख्य कारण मानले नाही. अनेक पूरग्रस्तांना आणि काही निवृत्त अभियंत्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. हा वाद मिटलेला नाही.

तिसरी बाजू पुराच्या दिवसांत ऐकू येत नाही. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, खानापूर या दुष्काळी तालुक्यांना टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांतून मिळणारे पाणी उन्हाळ्यात कोयनेवरच अवलंबून असते. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी ६७.५ टीएमसीचा वाटा आहे. २०२३ मध्ये एल निनो होता. १९०१ पासूनच्या नोंदींत तो ऑगस्ट देशात सर्वांत कोरडा ठरला, कोयना पूर्ण भरली नाही, आणि पुढे सांगलीजवळ कृष्णेचे पात्र कोरडे पडून पाणी सोडण्यावरून सातारा आणि सांगली यांच्यात ताणाताण झाली. त्या वर्षीच्या जुलैत कुणी अंदाजावर विसंबून धरण रिकामे केले असते, तर? आणि २०१९ च्या जुलैत कुणी केले असते, तर? त्या २०१९ मध्ये जून देशभर ३३ टक्के तुटीचा होता. एप्रिलचा सरकारी अंदाज ९६ टक्क्यांचा होता, स्कायमेट या खासगी संस्थेचा ९३ टक्क्यांचा, आणि हंगाम संपला ११० टक्क्यांवर. जूनच्या अखेरीस धरण भरून घ्यावे असेच कुणालाही वाटले असते.

दोन्ही वर्षे शेजारी ठेवली की धरणाचा प्रश्न हवामानाच्या अंदाजाने एकट्याने सुटणारा नाही हे दिसते. हंगामाच्या आकड्यावर तर दारांचा निर्णय घेऊच नये, असे माझे मत आहे. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या कौलावर मात्र टप्प्याटप्प्याने घेता येईल. यासाठी लागणारी यंत्रणा अगदीच नाही असे नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याच्या जलविज्ञान प्रकल्पातून कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पर्जन्यमान आणि नदीपातळी क्षणोक्षणी कळवणारी केंद्रे आणि त्यांवर चालणारे प्रवाहाचे प्रारूप उभे राहिले आहे. कॅलिफोर्नियातल्या लेक मेंडोसिनो धरणावर अंदाज पाहून साठा कमी-जास्त करण्याचा प्रयोग झाला आणि तिथल्या नियमावलीतही त्याला जागा मिळते आहे. तिथला पाऊस समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लांबलचक पट्ट्यांतून येतो, ते पट्टे कित्येक दिवस आधी दिसतात. सह्याद्रीच्या पावसाला तो नियम जसाच्या तसा लागू होणार नाही. शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी धरणाच्या नियमावलीतच लिहून ठेवले की अंदाज अमुक भरवशाचा असेल तर अमुक इतकेच पाणी. त्यामुळे निर्णयाचा भार एकट्या अधिकाऱ्याच्या शिरावर पडत नाही.

नवी यंत्रे, नवे आवाज

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे आली. जुन्या हवामानाच्या नोंदींवर शिकवलेली ही प्रारूपे काही मिनिटांत अंदाज देतात. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी केंद्रीय कृषी मंत्रालयाने गुगलचे न्यूरलजीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचे एआयएफएस यांच्या आधारे मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना लघुसंदेशाने पाठवला, काही ठिकाणी चार आठवडे आधी. त्या वर्षी लवकर आलेला पाऊस मध्येच थबकला. तो खंड या संदेशांत आधीच सांगितला होता. उत्साह वाटावा अशीच ही घटना आहे. मात्र एका हंगामावरून निकाल देता येत नाही. शिवाय नोंदींत न घडलेला पाऊस, घाटमाथ्यावरचे नवे उच्चांक, या प्रारूपांना कितपत कळतील याबद्दल शास्त्रज्ञ साशंक आहेत.

दुसरीकडे मराठी शेतकऱ्याच्या मोबाईलवर वेगळेच आवाज आहेत. ज्येष्ठ कृषी हवामानतज्ज्ञ रामचंद्र साबळे दाब, तापमान, वारा यांवरून जिल्हावार अंदाज मांडतात. हवामान विभागातून निवृत्त झालेले माणिकराव खुळे विभागाचेच अंदाज सोप्या भाषेत उलगडून सांगतात. परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख तारखा आणि गावे सांगून बोलतात, आणि त्यांचा श्रोतावर्ग प्रचंड आहे. या तिघांच्या पद्धती एका मापाच्या नाहीत. या आवाजांची लोकप्रियता एवढे नक्की सांगते की शेतकऱ्याला शक्यतेचे आकडे नव्हे, कुणीतरी जबाबदारीने बोललेले वाक्य हवे असते. शास्त्रज्ञांचा आक्षेप असा की दहा दिवसांपुढची तारीख कुणी देत असेल तर मागच्या तारखांचा हिशेबही त्याने द्यावा. तो हिशेब सरकारी विभागानेही शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत, गावपातळीवर दिलेला नाही. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, त्या रागाचे मूळ इथेच असावे.

जे अजून अधांतरी आहे

ज्या आवर्तनावर हा अंदाज उभा आहे, ते आवर्तनच बदलते आहे. पुण्याच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागरातला उष्ण पाण्याचा प्रदेश पसरून जवळजवळ दुप्पट झाला आहे. त्यामुळे एमजेओचा हिंदी महासागरावरचा मुक्काम तीन-चार दिवसांनी घटला आणि इंडोनेशियाच्या बेटांवर व पश्चिम प्रशांतावर पाच-सहा दिवसांनी वाढला. याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अंदाजाची साधने सुधारण्याचा वेग जास्त की पावसाच्या बदलाचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे अभ्यासक आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन मौसम’मधून दोन हजार कोटी रुपये रडार, वेधशाळा आणि संगणकांसाठी येत आहेत. त्यातले किती सह्याद्रीच्या माथ्यावर पोचतात, त्यावर कृष्णा खोऱ्याचे बरेच काही ठरेल.

महसूल मंडलांमध्ये ‘महावेध’ प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महाराष्ट्रात उभी आहेत. त्यांच्या नोंदींवर पीकविम्याचे काही दावे ठरतात. विम्यात अंदाजाला मात्र कुठेच स्थान नाही: अंदाज पाहून पेरणी पुढे ढकलणारा आणि न पाहता पेरणारा, दोघांना नियम सारखाच. ही त्रुटी आहे की अंदाजाचा भरवसा वाढेपर्यंतचे शहाणपण, यावरही मतभेद आहेत. मला दुसरे मत अधिक पटते, कारण अंदाजाला पैशाशी जोडले की चुकीचा भुर्दंड आधी लहान शेतकऱ्यालाच बसेल.

एक काम मात्र मतभेदांच्या पलीकडचे आहे. २०१६ पासूनचे दर गुरुवारचे अंदाज हवामान विभागाकडे आहेत. कोयना आणि चांदोलीत रोज किती पाणी आले, किती सोडले, याची नोंद जलसंपदा खात्याकडे आहे. आयर्विन पुलाच्या पातळीची नोंद आहे, मंडलवार पावसाची आहे. ही सगळी कागदपत्रे शेजारी ठेवून पाहिले तर दुसऱ्या आठवड्याचा ‘जास्त’ हा कौल किती वेळा खरा ठरला, किती वेळा धरणात जागा केल्याने पूर फूटभर तरी उतरला असता, आणि किती वेळा ते पाणी वाया गेले असते, हे आकड्यांत मांडता येते. २०१९, २०२१ आणि २०२३ ही तीन वर्षे तरी त्यात असायलाच हवीत. धरणाच्या नियमावलीत बदल करायचा की नाही, याची चर्चा त्या आकड्यांपासून सुरू होऊ शकते, आणि ती सांगलीत, कराडला आणि आष्ट्यात मराठीतून व्हायला हवी.